पायाळूचे हात

२ सप्टेंबर, मंगळवार

मिळाली! मिळाली! मिळाली!

पुनावळ्याचं ‘मोकळीक’ थेरपी सेंटर. उद्यापासून या, तिथल्या मॅडम म्हणाल्या. परत येताना देहूरोडपर्यंत हेल्मेटच्या आत गात होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला तेव्हा कळलं, आवाज बाहेर जातोय.

चाकणच्या कंपनीने ब्रेक दिल्यापासून घरीच होते. कॉन्ट्रॅक्टच्या पोरींना सात महिने झाले की देतातच. तोवर वायरिंगच्या लाइनवर उभं राहून क्लिपा दाबायच्या. दाबण्याचा अनुभव म्हणायचा तर तेवढाच!

पण मॅडमनी विचारलं, या कामातलं काही येतं का, आणि माझ्या तोंडून काय जावं? ‘मी पायाळू आहे.’ झालं! मिनल मॅडम फिजिओथेरपिस्ट, शहरात वाढलेल्या. त्यांना पायाळू म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मग सगळं सांगितलं. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर येतात ते माणूस पायाळू. कुणाच्या पाठीत उसण भरली, कमरेत चमक निघाली की पायाळूची लाथ खायची, दुखणं जातं. मी चार वर्षांची असल्यापासून लाथा मारतेय. शनिवारी सकाळी आमच्या ओट्यावर कोणी ना कोणी पालथं पडलेलं असतंच. लाथ खाऊन झाली की वर माझ्याच पाया पडतात. आजोबा होते तोवर त्यांचा तर रुबाबच वेगळा. ‘कोंडाजीची नात पायाळू हाय’ — बाजारात माझी ओळखसुद्धा अशीच करून द्यायचे.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बरं. आणि हातांचं काय?’

हातांचं काय! हाताने कुणाचं दुखणं कधी धरलंच नाही.

ठरलं असं — आधी फोन आणि बुकिंग सांभाळायचं, बाजूने शिकायचं. दसऱ्याच्या आधी परीक्षा. पास झाले तर टेबलावर काम, म्हणजे पेशंटच्या पाठीला माझे हात. नाहीतर कायमची फोनवर. मला टेबलावर जायचंय. पायात गुण आहे हे सगळा गाव सांगतो. हातात काही आहे का ते मला बघायचंय.

घरी ‘फिजिओच्या दवाखान्यात रिसेप्शनला’ एवढंच सांगितलं. मालिश हा शब्द आईपुढे काढला नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

पहिलाच दिवस आणि पहिलाच फज्जा!

फोन आला की मी म्हणायची, ‘या ना!’ — जशी काही हळदीकुंकवालाच बोलावतेय. आले सगळे. एकजण मिसळ खाऊन थेट, दोन पाव जास्तीचे घेऊन. पालथा झोपवला तर रस्सा वर यायला लागला. दुसऱ्याच्या अंगात ताप. आणि एक बाई टेबलावर चढता चढता सहज म्हणाल्या, मला तिसरा महिना आहे, चालेल ना?

मॅडमनी तिघांनाही परत पाठवलं. मग मला आत बोलावलं. तू काय काय विचारलंस? म्हटलं, नाव आणि वेळ. म्हणाल्या, ‘हर्षाली, तू काय बसचं तिकीट देतेस?’

संध्याकाळी एक फोन — ‘लेडीज आहेत का हो?’ आवाजातच तेल! मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. आहेत, म्हणाल्या, आधी बीपी, शुगर आणि डॉक्टरचं पत्र. खट्‌कन कट. हसून हसून मला पाणी प्यावं लागलं. पण बायकांचाही पहिला प्रश्न हाच असतो, वेगळ्या आवाजात. त्यांनी तो विचारलाच पाहिजे, आणि आपण सरळ उत्तर दिलंच पाहिजे, असं मॅडम म्हणतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

प्रश्न तोंडपाठ! आरशापुढे उभी राहून ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का?’ हे गोड आवाजात म्हणून बघितलं. जमत नाही. कसंही म्हटलं तरी पोलीस वाटते.

७ सप्टेंबर, रविवार

आज अण्णांवर सराव. माझे वडील म्हणजे प्रश्नांचा कर्दनकाळ!

कुठल्या गोळ्या चालू आहेत? — पांढऱ्या. कशासाठी? — तुझ्या आईला माहीत. ऑपरेशन झालंय का? — न्हाई. अहो, अपेंडिक्सचं झालं ना तुमचं? — त्ये व्हय, त्ये जुनं झालं की! जुनं झालं म्हणून ते धरायचं नाही म्हणे.

आई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, ‘सोयरीक जमवताना बी येवढं इचारत न्हाईत.’ मला विचारलं, हे एवढं कशाला लागतं? मी सांगितलं, पेशंटने खोटं सांगितलं किंवा लपवलं तर बरं व्हायच्या ऐवजी अपाय होतो. तिने तवा उतरवला आणि कमरेवर हात ठेवून उठली.

तिची कंबर मागच्या कांद्याच्या लागणीपासून धरलीये. अख्ख्या गावाला लाथा मारते मी, आणि माझीच आई ही अशी उठते! कितीदा म्हटलं, पड पालथी. कधीच नाही. ‘नगं’ म्हणते आणि कामाला लागते. आईच्या अंगाला लेकीचा पाय नको म्हणून असेल.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज गुरुवार म्हणजे चाकण-भोसरीच्या कंपन्यांना सुट्टी, म्हणजे आमच्याकडे जत्रा! बसायला खुर्ची नव्हती. आता मी पाठ बघून काम सांगू शकते. उजवा खांदा खाली — प्रेसवाला. दोन्ही टाचांवर भार — लाइनवर उभा राहणारा. मान पुढे काढून कासवासारखा आला — हिंजवडीचा आयटीवाला, हा शनिवारच्या सुट्टीचा, गुरुवारी चुकून आलाय.

आणि प्रत्येकाचं एकच — ‘जोरात दाबा.’ सगळ्यांना वाटतं बोल्ट आवळायचाय. मॅडम त्यांना टेबलावर घ्यायच्या आधीच सांगतात की डोळ्यांत पाणी आलं म्हणजे गुण आला असं नाही. दुखलं तर बोला, लाजू नका, मधेच थांबवा म्हटलं तरी चालेल. आणि एका दिवसात वर्षाचं दुखणं जाणार नाही. तरी एकजण जाताना म्हणालाच, गॅरंटी किती महिन्यांची?

आज मॅडमनी माझा हात स्वतःच्या हाताखाली धरून एका ताईंच्या खांद्यावर ठेवला. आत सुपारीएवढी गाठ होती. ती माझ्या बोटाखाली हळूहळू विरघळली. खरंच विरघळली! मला तिथेच नाचावंसं वाटलं.

घरी भाकरीचं पीठ मीच मळते आता, सरावाला. अण्णा म्हणाले, भाकरी मऊ झाल्यात. आईने माझ्याकडे बघितलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी विजा कडाडायला लागल्या आणि शेजारच्या ठकुबाई नेहमीसारख्या कुंपणावरून ओरडल्या, ‘पायाळूला आत घ्या गं, वीज वढून घेती ती!’ लहानपणापासून हेच. विजा चमकल्या की शाळेतसुद्धा मला बाकाखाली बसवायचे.

आई मात्र म्हणाली, ‘हर्षे, वाळवण भिजंल. जा, उचलून आण.’ गेले आणि आणलं! माझी आई म्हणजे एक नंबरची वाघीण. कशाला घाबरत नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मेले. मेले मी आज.

भरगच्च गर्दी. त्यात दारातून वाकडे होत कोण यावं? साहेबराव तात्या, आमच्या गावचे माजी सरपंच. उसण भरलेली. शनिवारपर्यंत दम नव्हता म्हणून माझा पत्ता काढत इथवर आले.

मी आपली रीतसर सुरुवात केली — तात्या, बीपीच्या गोळ्या आहेत का? तर खुर्चीतली सगळी माणसं वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाले, ‘तू मला इचारतीस? तुला नाकात शेंबूड असताना बघितलीय म्या. लाथ मार आन् मोकळी हो.’ आणि तिथेच, फरशीवर, दोन रांगांच्या मधे पालथे पडले! एका हिंजवडीवाल्याने पाय वर उचलून घेतले.

फोन वाजतोय, लोक बघतायत, तात्या फरशीवर. मारली. खरं लिहायचं तर — सगळे बघत होते म्हणून जरा झोकातच मारली.

तात्या उठले, ताठ झाले. ‘ग्येली!’ म्हणाले. खुर्च्यांमधून एकाने चक्क विचारलं, हे पॅकेजमध्ये आहे का? मला हसू फुटलं आणि मान वळवली तर आतल्या दारात मिनल मॅडम.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. गर्दी ओसरल्यावर एवढंच विचारलं, ‘त्यांना गोळ्या कुठल्या चालू आहेत?’

मला माहीत नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार

तात्यांच्या पाठीवर माझा पाय उमटलाय. टाच, तळवा, पाचही बोटं. निळी-जांभळी! तात्या पारावर शर्ट वर करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतायत — लक्ष्मीची पावलं म्हणे! दोन बायकांनी तर त्याला हळदीकुंकू लावायचं बोलून दाखवलं.

पण त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन सांगितलं की मामांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज. म्हणजे माझ्या पायाचं तेज नाही ते, गोळ्यांमुळे आत रक्त साकळलंय. मी हट्टाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. थोडक्यात निभावलं, लाथ जरा वर किंवा जरा बाजूला बसली असती तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. आता परीक्षा दसऱ्याआधी नाही. दिवाळीपर्यंत बघू म्हणाल्या. आणि पुन्हा असं झालं तर फोनवरही नको येऊस.

वर आणखी एक! तात्यांनी गावभर सांगितलंय — ‘आपली हर्षाली पुनावळ्याला मालिशच्या दुकानात हाय.’

आईने मला माजघरात बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, ‘पाय लावतीस तर लोक हात जोडत्यात. हात लावलास तर नावं ठेवतील. कळतंय का तुला?’

मला कळत होतं. म्हणूनच रडू आलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

आई बोलत नाही. डब्यात लसणाची चटणी मात्र आहे. माझ्या आवडीची, जास्त खोबरं घातलेली.

२७ सप्टेंबर, शनिवार

ओट्यावर तिघं पालथे. लाथ मारायच्या आधी तिघांनाही सगळे प्रश्न विचारले — बीपी, शुगर, ऑपरेशन, गोळ्या. एकजण अर्ध्यातूनच उठून गेला. जाताना म्हणाला, आपोआप राहिलं दुखायचं!

२ ऑक्टोबर, दसरा

सेंटरमध्ये पूजा. टेबलाला झेंडूची माळ, तेलाच्या बाटल्यांना हळदकुंकू. मॅडमनी मला सोनं दिलं आणि माझे तळहात उलटे करून बघितले. नखं कापलीस, चांगलं केलंस, म्हणाल्या. एवढ्यावर मी दिवसभर उडत होते! कुणी डोक्यावर मुकुट ठेवला असता तरी इतकी खूश झाले नसते.

घरी आईच्या हातावर आपट्याची पानं ठेवली. तिने घेतली आणि देवापुढे ठेवली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दवाखान्यातून आत्ता आले आणि आधी लिहायला बसले. अक्षर बघ कसं आलंय.

आमच्या गावात भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणारा ज्ञानेश — मूळ नांदेडकडचा, प्रेस शॉपला असतो — दुपारी सेंटरला आला. मॅडम पुण्याला गेलेल्या, मी काउंटरवर. गावाहून परवाच रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आला होता. डावी पोटरी दुखतेय म्हणाला. ‘ताई, जास्त काही नको, फक्त पोटरी रगडून द्या, उद्या शिफ्ट आहे.’

विचारलं — दोन्ही पाय की एकच? एकच. बघितलं तर डावी पोटरी उजवीच्या दीडपट. हात न लावता नुसता जवळ नेला तर ऊब लागली. कधीपासून? उतरल्यापासून. मॅडमनी हे शिकवलं होतं. एकच पाय, सूज, ऊब, लांबचा प्रवास — हात लावायचा नाही, आधी डॉक्टर.

म्हटलं, बुकिंग देत नाही. दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता.

तो चिडला. साहजिकच, पाय दुखत होता. म्हणाला, गावातल्या सरपंचाला फुकट लाथ मारता आणि आम्हाला साधी मालिश देत नाही? बाहेरच्यांना वेगळा न्याय व्हय? मला इतकं लागलं! क्षणभर वाटलं, द्यावी थोडी दाबून, काय होतंय. मग तात्यांच्या पाठीवरची ती जांभळी पाच बोटं डोळ्यापुढे आली. मॅडमना फोन लावला आणि त्याच्या हातात दिला. मॅडम त्याच्याशी काय बोलल्या कोण जाणे, पण तो जायला तयार झाला. मी रिक्षा बोलावली आणि त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले.

पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ! चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, असं डॉक्टर म्हणाले. मी माझ्याच हातांकडे बघत बसले. पायाळूचे हात!

१३ ऑक्टोबर, सोमवार

ज्ञानेशची बायको आली होती, संस्कृती. पोर कडेवर, पेढे पदरात. तो बरा आहे, इंजेक्शनं चालू आहेत. आई दारातच गहू निवडत बसलेली.

मला वाटलं पाया पडणार. सगळे तेच करतात. मी पाय मागे घेतले. तर तिने पोराला आईच्या मांडीवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरले. धरूनच ठेवले. ‘ताई, तुम्ही हात लावला नाही म्हणून माझा माणूस हाय,’ म्हणाली.

आई बघत होती. पोर गव्हात हात घालत होतं आणि तिचं लक्षच नव्हतं.

रात्री जेवताना माझ्याशी पहिल्यांदा बोलली. ‘भात घे अजून.’ एवढंच! दोनदा घेतला!

१५ ऑक्टोबर, बुधवार

पास! पास! पास!!!

कुणावर परीक्षा असेल हाच सकाळपासून विचार, आणि मॅडम स्वतःच टेबलावर! आज मी पेशंट, म्हणाल्या. विचारायला बस. विचारलं. बीपी नाही. गोळ्या नाहीत. ऑपरेशन? — नाही. कुठे दुखतं, किती दाब सोसतो, कुठल्या तेलाने खाज येते का, काही खाऊन किती वेळ झाला — सगळं. हात धुतले, एकमेकांवर घासून गरम केले. सुरुवात केली.

छान चाललं होतं. मान, मग पाठ. उजव्या खांद्याशी आले आणि बोटाखाली एक बारीक रेघ. टणक. मी थांबले. पुढे जावं की नको? परीक्षा आहे, मधेच थांबलं तर नापास करतील का? पण हात पुढे जाईना.

‘मॅडम,’ म्हटलं, ‘इथे ऑपरेशन झालेलं आहे.’

त्या पालथ्या पडल्या पडल्याच हसायला लागल्या. तीन वर्षांपूर्वीचं! मुद्दाम खोटं सांगितलं होतं! म्हणाल्या, माणसं सांगत नाहीत, विसरतात, लाजतात. म्हणून कान लावायचा, आणि हाताला वेगळं काही लागलं तर पुन्हा विचारायचं. ‘उद्यापासून टेबलावर ये,’ म्हणाल्या.

येताना रावेतच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले तरी एकटीच हसत होते. आता रिक्षावाल्यांनी काय बघायचं ते बघू दे.

माझ्या हातात आहे! पायाचं पायापाशी, पण हातात आहे!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. गाईची पूजा झाली. आई अभ्यंगाचं तेल उकळत होती. दिवाळीच्या पहाटे ती आम्हा सगळ्यांना एकेक करून पाटावर बसवते आणि तेल चोळते. मोठ्या दोन्ही बहिणी लग्न होऊन गेल्या तरी भाऊबीजेला आल्यावर आधी तेलासाठी बसतात. पातेल्याकडे बघता बघता माझ्या मनात आलं, हिला कोण लावतं? आजपर्यंत कुणीच नाही. मला कधी सुचलंही नाही.

तेवढ्यात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुज्या त्या टेबलावर बाया येत्यात का माज्या वयाच्या?’

येतात की! खूप येतात! खोली वेगळी, दार बंद, फक्त मी असते, अंगावर चादर असते, जेवढं दुखतं तेवढंच उघडं — मी धडाधडा सांगत सुटले. ती तेल ढवळत राहिली. मग म्हणाली, उद्या येते. पण लाथ न्हाई.

लाथ नाही गं, हात! पण घरचं माणूस म्हणून सूट नाही हं, सगळे प्रश्न विचारणार, आणि खरं सांगायचं, लपवलंस तर अपाय होईल. तिने मान हलवली. देवाची शपथ घेतल्यासारखी.

माझी आई माझ्या टेबलावर! झोप कसली येतेय आज!

१८ ऑक्टोबर, शनिवार

आई आली. ठेवणीतलं पातळ नेसून, गाडीवर माझ्या मागे बसून. कागद घेऊन समोर बसले. बीपी नाही, शुगर नाही, ऑपरेशन नाही. बाळंतपणं? तीन. पुढचं मला माहीतच होतं म्हणून माझं मीच लिहिलं — तिसरं पायाळू, अवघड.

‘काय लिव्हलंस?’ म्हणाली. वाचून दाखवलं. ती दाराकडे बघत राहिली. दार नीट लागलंय का, तिने विचारलं.

‘खोड त्ये. तूच म्हनलीस, खरं सांगायचं. तिनी पोरी डोक्याकडनंच झाल्या.’

मग तिने सांगितलं — तिसरीही मुलगी झाली म्हटल्यावर आजोबा अण्णांसाठी दुसरी बायको बघायला निघणार होते. बाळंतपण करायला सोजरबाई होती. आईने त्याच रात्री तिचे पाय धरले आणि पोरगी पायाकडून आली म्हणून सांगायला लावलं. सकाळी आजोबा गावभर मिरवत होते. ‘पायाळू म्हनल्यावर कोन टाकतंय? तू बी ऱ्हायलीस, मी बी ऱ्हायले.’

मग आठवलं, आज सकाळीच ओट्यावर दोघांना लाथा मारून आलेय! आणि तात्यांची ती लक्ष्मीची पावलं! आधी ती हसली की मी, माहीत नाही. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी. मॅडमनी दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

लिहिलेलं खोडलं. हात धुतले, तेल कोमट केलं, तिच्या कमरेवर दोन्ही हात ठेवले. जास्त होतंय का, विचारलं.

‘न्हाई,’ म्हणाली. ‘चांगला हाय तुजा हात.’